जोखीम कळवली, वाटून घेतली का?

पत्राचा गोषवारा: चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीतल्या आयटी सर्व्हिस मॅनेजरचं हे पत्र आहे. डिस्पॅच (तयार माल पाठवणं) आणि बिलिंग ज्यावर चालतं ती ईआरपी, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर, अजून मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हर २०१२ आर२ आणि एसक्यूएल सर्व्हर २०१४ (डेटाबेस) या जुन्या आवृत्त्यांवर आहे. सर्व्हर सांभाळायचं काम बाहेरच्या व्हेंडरकडे आहे: महिना २ लाख ४० हजार रुपये, एसएलए (सेवा किती वेळ चालू राहील याचं करारातलं वचन) ९९.५ टक्के. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सिस्टिम सात तास बंद पडली आणि २६ गाड्या गेटच्या आत अडकल्या. ग्राहकाचा दंड आणि जादा भाड्याच्या गाड्या धरून कंपनीला साधारण ९ लाखांचा फटका बसला, तर व्हेंडरकडून क्रेडिट (बिलातली सूट) मिळालं १२ हजार. पुढे ऑडिटरने जुन्या सर्व्हरवर शेरा मारला. अपग्रेडसाठी प्लांट डाऊनटाइम देत नाही, ईआरपीवाला म्हणतो नव्या व्हर्जनची हमी आमच्याकडे नाही, आणि सीएफओ (वित्तप्रमुख) म्हणतात, "ही आयटीची रिस्क आहे. रिस्क अ‍ॅक्सेप्टन्स फॉर्मवर सही करून टाका, पॉइंट बंद करू." वाचक लिहितात: "माझ्या रिस्क रजिस्टरमध्ये १४३ रिस्क आहेत. दर महिन्याला सगळ्या हेड्सना मेल जातो. म्हणजे रिस्क मी शेअर केलेलीच आहे. कुणी वाचत नसेल तर माझा काय दोष? सही केली तर उद्या खापर माझ्यावर, नाही केली तर मी अडेलतट्टू. काय करू?"

आधी सहीचं बोलू. 'स्वीकारणारा' या रकान्यात तुम्ही सही करू नका. पण फॉर्म कोरा परतही पाठवू नका. त्याच फॉर्मवर तुमची सही लागते, फक्त ती दुसऱ्या जागी.

जोखीम स्वीकारायला माणसाकडे दोन गोष्टी लागतात. नुकसान झालं तर ते त्याच्या खात्यातून जायला हवं, आणि ते टाळायला पैसा किंवा वेळ खर्च करायचा अधिकार त्याच्या हातात हवा. ते ९ लाख कुठल्या बजेटमधून गेले ते आठवा. गाड्यांचं जादा भाडं लॉजिस्टिक्सच्या खात्यात पडलं असेल आणि ग्राहकाचा दंड सेल्सच्या, पण आयटीच्या खात्यातून एक रुपयाही गेला नसणार. नवीन सर्व्हरचा खर्च किंवा प्लांटचा डाऊनटाइम, यातलंही काही तुम्ही एकट्याने मंजूर करू शकत नाही. अशा स्थितीत तुमची सही म्हणजे सोसायटीच्या वॉचमनने इमारतीच्या विम्याच्या कागदावर केलेली सही. कागद भरला जाईल, पण त्याला अर्थ नसेल. ऑडिटर जरा जाणता असला तर पुढच्या वर्षी हाच शेरा 'योग्य अधिकाऱ्याची मंजुरी नाही' अशा शब्दांत परत येईल.

आता तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी थांबू या. तुम्ही लिहिलंय, रिस्क 'शेअर केलीच आहे'. ऑफिसच्या मराठीत शेअर करणं म्हणजे पाठवणं. फाइल शेअर केली की ती दोघांकडेही पूर्णच्या पूर्ण असते. जोखमीचं उलट आहे. ती वाटली तर एकाकडची कमी होऊन दुसऱ्याकडे गेलेली दिसायला हवी. आयएसओ ३१००० हे जोखमीचं मानक 'वाटून घेणं' याचा दाखला म्हणून करार आणि विमा यांची नावं घेतं, मेलचं घेत नाही. तुमचा मासिक मेल गेल्यानंतर कुणाच्या बजेटमध्ये एखादी ओळ वाढली का? कुणाच्या कॅलेंडरवर एखादी तारीख पडली का? डिस्पॅच सुपरवायझरला आपण काय करायचं हे समजलं का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर जोखीम अजून तुमच्याच टेबलावर आहे, फक्त तिच्या झेरॉक्स वाटल्या गेल्यात.

थोडं रागावलात तरी चालेल, पण त्या मेलचा एक हेतू 'उद्या दाखवायला असावा' हाही आहे ना? त्यात गैर काही नाही. मात्र पुराव्यासाठी लिहिलेला मेल आणि निर्णय मागणारा मेल दिसायलाच वेगळे असतात. पुराव्याच्या मेलला लांबलचक सीसी असते, एक एक्सेल जोडलेली असते आणि शेवटी 'फॉर युअर इन्फर्मेशन प्लीज' असतं. निर्णयाच्या मेलमध्ये एकच नाव, एकच प्रश्न आणि एक तारीख. हेड्स वाचत नाहीत ही तक्रार खरी आहे. पण १४३ ओळींच्या एक्सेलमध्ये त्यांनी नेमकं काय ठरवायचं होतं, हे तुम्ही तरी सांगू शकाल का?

रजिस्टरमध्ये ही नोंद बहुधा अशी असेल: 'ईओएल ओएस आणि डीबी, व्हल्नरेबिलिटी, हाय, स्कोअर १२.' आयटीवाल्याला ती कळते. प्लांट हेडला तिच्यात स्वतःचं काहीच दिसत नाही. तीच नोंद त्याच्या भाषेत लिहून बघा:

"डिस्पॅचच्या सर्व्हरला सुरक्षेचे पॅच मिळणं थांबलं आहे आणि बिघाड झाल्यास मायक्रोसॉफ्टची मदत नाही. त्यामुळे हल्ला किंवा बिघाड झाला तर ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) आणि ई-वे बिल (मालवाहतुकीचा सरकारी कागद) निघणार नाही, आणि तयार माल गेटमधून बाहेर पडणार नाही. गेल्या वेळी ७ तासांत २६ गाड्या अडकल्या, खर्च ९ लाख. डेटाबेस पुन्हा उभा करायला आज किती तास लागतील ते मोजलेलं नाही. निर्णय हवा: अपग्रेडसाठी एक रविवार. निर्णय कुणाचा: प्लांट हेड. कधीपर्यंत: महिनाअखेर."

यात कारण आहे, घटना आहे, परिणाम आहे, आणि मुख्य म्हणजे मागणी आहे. लाल-पिवळ्या-हिरव्या चौकटींचा तक्ता ठेवायचा तर ठेवा, ऑडिटला लागतो. पण शक्यता तीन गुणिले परिणाम चार, बारा, हा आकडा कुणाला निर्णयाकडे नेत नाही. अडकलेल्या २६ गाड्या नेतात.

त्या नोंदीतलं 'मोजलेलं नाही' हे वाक्य मुद्दाम घातलंय, कारण बहुतेक ठिकाणी तेच खरं असतं. रोज सकाळी 'बॅकअप यशस्वी' असा हिरवा मेल येतो आणि सगळे निश्चिंत असतात. तुमच्या डेटाबेसचा आकार बघा. समजा ४२० जीबी आहे आणि बॅकअपच्या डब्यातून सेकंदाला १०० एमबी वेगाने वाचला जातो, तर नुसती कॉपी व्हायलाच ७० मिनिटं. त्याआधी सर्व्हर उभा करणं, नंतर लॉग (बॅकअपनंतरच्या बदलांची नोंद) लावणं, मग तपासणी. डेटाबेसचं रिकव्हरी मॉडेल (बदलांची नोंद किती जपायची याची सेटिंग) 'सिंपल' असेल तर लॉगचा बॅकअप घेताच येत नाही. म्हणजे रात्री दोनचा पूर्ण बॅकअप आणि संध्याकाळी पाचला बिघाड, तर मधले पंधरा तास गेले. हे आजच बघून घ्या, एका क्वेरीत कळतं.

हे पंधरा तास नुसते आयटीचे नसतात, हे अकाउंट्सला सांगायला विसरू नका. ई-इनव्हॉइसचा आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक, तयार होतो तो कंपनीचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल नंबर यांवरून. सकाळी ४० बिलांचे आयआरएन निघाले, मग ईआरपी रात्री दोनच्या स्थितीत परत आली, तर तिला ती ४० बिलं आठवत नाहीत. ती तेच नंबर नव्या बिलांना देते, आणि पोर्टल 'हा आयआरएन आधीच आहे' म्हणून परत पाठवतं. आयआरएन पोर्टलवर रद्द करायला २४ तासच मिळतात आणि रद्द केलेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे रिस्टोअरनंतरचं पहिलं काम ठरलेलं असावं: पोर्टलवरून त्या दिवसाची यादी उतरवून घ्यायची आणि बिलांची मालिका त्याच्या पुढे नेऊन ठेवायची. हे काम अकाउंट्सचं आहे. त्यांच्या एका माणसाचं नाव त्यापुढे लिहिलं गेलं, की जोखमीचा एक तुकडा खरोखर वाटला गेला.

आता व्हेंडर. एसएलए ९९.५ टक्के म्हणजे जोखीम त्यांच्याकडे गेली, असा तुमचा समज असू शकतो. तीस दिवसांच्या महिन्यात ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटं बंद राहण्याची मुभा. त्यापुढे बंद राहिलं तर महिन्याच्या बिलाच्या ५ टक्के क्रेडिट, म्हणजे तुमचे १२ हजार. नुकसानीचा पंचाहत्तरावा भाग. क्रेडिट हा विमा नव्हे. फार तर व्हेंडरला लागलेला चिमटा म्हणा. अशा करारांत बहुतेक वेळा एकूण भरपाईवर कमाल मर्यादा असते आणि धंद्याच्या बुडालेल्या उत्पन्नाची जबाबदारी स्पष्ट शब्दांत नाकारलेली असते. तुमचा करार काढून तीन गोष्टी शोधा. उपलब्धता कशी मोजतात? नुसता पिंग (सर्व्हर जिवंत आहे का एवढंच विचारणारा संदेश) असेल तर सर्व्हर पिंगला उत्तर देत राहतो, एकही बिल छापलं जात नाही, आणि अहवालात मात्र १०० टक्के येतात. कुठल्या वेळेत मोजतात? प्लांट तीन पाळ्यांत आणि मोजणी नऊ ते सहा, असंही दिसतं. आणि तिसरं, मुदत संपलेल्या सॉफ्टवेअरबद्दल परिशिष्टात काय आहे? 'बेस्ट एफर्ट' (जमेल तेवढं करू) असे दोन शब्द सापडले तर तुमच्या या सर्व्हरला तो ९९.५ लागूच नाही.

शिवाय व्हेंडरचा सर्व्हर ही साखळीतली एक कडी. ईआरपीचा सर्व्हर, इंटरनेटची लाइन, ई-इनव्हॉइस पुढे पाठवणारा मध्यस्थ, तिघेही प्रामाणिकपणे ९९.५ टक्के देत असले तरी एकापुढे एक लावल्यावर हाती येतात ९८.५ टक्के. महिन्याला पावणेअकरा तास. यात कुणीच करार मोडलेला नाही. मग ते तास कुणाचे? कुणी ठरवलं नसेल तर कंपनीचे.

आयटिल या आयटी सेवा-व्यवस्थापनाच्या पद्धतीसंग्रहाच्या चौथ्या आवृत्तीत सेवेची जी व्याख्या आहे तिचा रोख असा: ग्राहकाला हवा तो परिणाम मिळावा, पण त्यामागचे ठरावीक खर्च आणि ठरावीक जोखमी त्याला स्वतः सांभाळाव्या लागू नयेत. यातला 'ठरावीक' हा शब्द लोक वाचायचा सोडतात. सेवा घेताना काही जोखमी तुमच्या अंगावरून उतरतात आणि काही नव्या येऊन बसतात: व्हेंडरचा अनुभवी माणूस नोकरी सोडणं, त्याचा एकच अ‍ॅडमिन पासवर्ड दहा ग्राहकांकडे असणं, त्याच्या चुकीच्या अपडेटने तुमची यंत्रं बसणं. जुलै २०२४ च्या अखेरीस बँकांना तंत्रज्ञान सेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला, तेव्हा देशातली पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला आपल्या यंत्रणेतून तात्पुरतं तोडलं आणि तिच्या सेवेवर चालणाऱ्या कितीतरी सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. त्या बँकांच्या स्वतःच्या सर्व्हरला कुणी हात लावला नव्हता.

ब्रिटनच्या टीएसबी बँकेचं उदाहरण याहून बोलकं आहे. एप्रिल २०१८ मध्ये बँकेने ग्राहकांची खाती नव्या प्लॅटफॉर्मवर नेली. तो उभारण्याचं काम मूळ समूहातल्याच दुसऱ्या कंपनीकडे होतं आणि त्या कंपनीने पुढे बरीच कामं तिसऱ्यांना दिली होती. स्थलांतरानंतर बँकिंग कोलमडलं. डिसेंबर २०२२ मध्ये दोन नियामकांनी बँकेला मिळून ४ कोटी ८६.५ लाख पौंडांचा दंड केला. त्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाच्या सीआयओंना (माहिती तंत्रज्ञान प्रमुखांना) व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड झाला, कारण पुरवठादार खरंच तयार आहे की नाही याची पुरेशी खातरजमा त्यांनी करून घेतली नव्हती. 'आम्ही तयार आहोत' असं पुरवठादाराने कळवणं आणि ते तपासलेलं असणं, यातल्या फरकाची ती किंमत. आपल्याकडे बँकांत आणि मोठ्या वित्तीय कंपन्यांत काम करणाऱ्या वाचकांनी रिझर्व्ह बँकेचे १० एप्रिल २०२३ चे आयटी आउटसोर्सिंगविषयीचे निर्देश वाचावेत. काम बाहेर दिलं म्हणून संचालक मंडळाची आणि वरिष्ठांची जबाबदारी कमी होत नाही, हे त्यात साफ म्हटलंय. तुमच्या कंपनीला ते लागू नाहीत, पण तर्क तोच.

म्हणून व्हेंडरबरोबरच्या पुढच्या बैठकीत क्रेडिट ५ वरून १० टक्के करा अशी घासाघीस करू नका. फार तर आणखी १२ हजार मिळतील. त्याऐवजी माणसं आणि तास मागा. दर तीन महिन्यांनी एकत्र रिस्टोअरची चाचणी, घड्याळ लावून. त्यांच्या बाजूने दोन माणसांची नावं, एकाचं नको. तुमच्या सर्व्हरवर काहीही बदल करायचा असेल तर डिस्पॅचचं वेळापत्रक बघून, दोन दिवस आधी. संशयास्पद काही दिसलं तर एका तासात फोन. हे शेवटचं नुसत्या सौजन्यापुरतं नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. तुमच्या वतीने लक्ष ठेवणाऱ्याला रात्री अडीचला दिसलं आणि तुम्हाला साडेनऊला कळलं, तर मुदत नेमकी कधी सुरू झाली यावर वाद घालत बसावं लागतं.

एक प्रश्न मात्र त्यांना जरूर विचारा: "आमच्यामुळे तुमच्यावर कुठल्या जोखमी येतात?" पहिल्यांदा ते कसनुसं हसतील. मग बोलतील. तुम्ही पॅचसाठी वेळ देत नाही, टेस्ट सर्व्हर मागून दोन वर्षं झाली, तुमच्या तीन लोकांकडे एकच 'एसए' (डेटाबेसचं सर्वाधिकारी) लॉगिन आहे आणि कोण काय बदलतं ते कळत नाही. ही यादी तुमच्या रजिस्टरमध्ये नाही, पण ऑक्टोबरातल्या त्या सात तासांची मुळं कदाचित तिच्यातच सापडतील. दंडाच्या धाकाने व्हेंडर चुका लपवायला शिकतो, हेही ध्यानात असू द्या.

अपग्रेडचं भिजत घोंगडं वेगळं सोडवायला हवं. प्लांट डाऊनटाइम देत नाही असं लिहिलंत. किती मागितला होता? सर्व्हर बंद करून बॅकअप, तो नव्यावर रिस्टोअर, मग तपासणी, अशा हिशेबाने आठ-दहा तास मागितले असतील तर कुठलाही प्लांट हेड नाहीच म्हणेल. नवा सर्व्हर बाजूला उभा करा. चार दिवस आधी पूर्ण बॅकअप त्यावर 'नोरिकव्हरी' (पुढचे लॉग लावता येतील अशा अर्धवट स्थितीत) ठेवून रिस्टोअर करा आणि रोजचे लॉग लावत राहा. त्यासाठी रिकव्हरी मॉडेल 'फुल' लागेल. रविवारी फक्त शेवटचा लॉग लावायचा राहतो, तो काही मिनिटांचा. उरलेला वेळ प्रिंटर, बारकोड आणि ई-इनव्हॉइसची जोडणी तपासायचा. मागणी दोन-तीन तासांवर येते, आणि तीही तालीम करून मोजलेली.

ईआरपीवाल्याकडून 'हमी नाही' हे तोंडी उत्तर घेऊ नका. कुठल्या व्हर्जनवर हमी आहे ते लेखी मागा. एसक्यूएल सर्व्हर २०२२ वर डेटाबेसची कम्पॅटिबिलिटी लेव्हल (कुठल्या आवृत्तीसारखं वागायचं ती पातळी) १२०, म्हणजे २०१४ ची, ठेवता येते. बऱ्याच जुन्या क्वेरी त्याने पहिल्यासारख्या चालतात. त्याने न सुटणारं दुखणं म्हणजे जुने ड्रायव्हर आणि टीएलएस १.० या सुरक्षित जोडणीच्या जुन्या पद्धतीवर अडकलेले रिपोर्ट. तालमीत तेच आधी चालवा.

आणि परतीची वाट कुठे संपते ते आधीच लिहून ठेवा. २०२२ वरचा बॅकअप २०१४ वर रिस्टोअर होत नाही. नव्या सर्व्हरवर पहिलं खरं बिल निघालं, त्याचा आयआरएन आला, की मागे फिरणं म्हणजे ते बिल जुन्यावर हाताने चढवणं. म्हणून 'पुढे जायचं की मागे' हा निर्णय पहिल्या बिलाच्या आधी व्हायला हवा, आणि तो डिस्पॅच हेडने तुमच्याबरोबर उभं राहून घ्यायला हवा. रविवारी संध्याकाळी त्याला प्लांटवर यायला सांगणं हेच जोखीम वाटून घेणं आहे.

तोवर जुन्या सर्व्हरचं काय? त्याला नेटवर्कमध्ये एकटा पाडा. डेटाबेसचं १४३३ पोर्ट फक्त अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरसाठी उघडा. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ एकाच ठरावीक मशीनवरून, तोही ओटीपीसह. फाइल शेअरिंगच्या एसएमबीची पहिली आवृत्ती बंद. बाहेर इंटरनेटला फक्त ई-इनव्हॉइसचे पत्ते. बॅकअपची एक प्रत डोमेनच्या बाहेर, जिथे सर्व्हरचा अ‍ॅडमिन पासवर्ड चालत नाही. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपला आणि एसक्यूएल २०१४ चा ९ जुलै २०२४ ला. सुरक्षेचे जादा पॅच विकत मिळतात, पण विंडोजसाठी ती सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. ही मलमपट्टी फॉर्ममध्ये मलमपट्टी म्हणूनच लिहा. नाहीतर 'उपाय झाले' म्हणून पॉइंट बंद होतो आणि सर्व्हर तिथेच.

आता फॉर्म पुन्हा समोर घ्या. तीन रकाने करा. 'माहिती सादर केली' यापुढे तुमची सही. 'तात्पुरते उपाय राबवणार' यापुढे तुमची आणि व्हेंडरची. 'उरलेली जोखीम स्वीकारली' यापुढे प्लांट हेड आणि सीएफओ. मजकूर साधारण असा: "वरील उपाय केल्यानंतरही सर्व्हर बंद पडून डिस्पॅच थांबण्याची शक्यता उरते हे समजून, ही स्थिती आजपासून ९० दिवस चालू ठेवण्यास मंजुरी. त्याआधी सर्व्हर दोन तासांहून जास्त बंद पडला किंवा रिस्टोअरची चाचणी फसली तर मंजुरी आपोआप संपेल." मुदत आणि मंजुरी संपण्याची अट, या दोन गोष्टी नसलेला फॉर्म वर्षानुवर्षं फाइलमध्ये पडून राहतो आणि दर ऑडिटला त्यावरची तारीख तेवढी बदलते.

सीएफओंना हे फोनवर किंवा मेलवर सांगू नका, जाऊन भेटा. 'मी सही करणार नाही' अशी सुरुवात केलीत तर पुढचं कुणी ऐकणार नाही. ९ लाख आणि १२ हजार हे दोन आकडे एका कागदावर लिहून न्या. त्याखाली अपग्रेडचा खर्च. मग म्हणा, "सर, पॉइंट बंद करायला दोन रस्ते आहेत. रविवार मिळाला तर कायमचा बंद. नाही मिळाला तर ९० दिवसांची मंजुरी, तुमच्या आणि प्लांट हेडच्या सहीने. कागदपत्रं मी तयार ठेवलीत." सीएफओ पैशाचे सौदे रोज करतात. त्यांना बहुधा आजवर कुणी हा प्रश्न सौदा म्हणून मांडलाच नसेल. आणि तरीही ते म्हणाले 'तुम्हीच करा', तर 'माहिती सादर केली' यापुढे सही करून, स्वीकारणाऱ्याचा रकाना कोरा ठेवून, तो कागद त्यांच्याकडे आणि इंटर्नल ऑडिटकडे एकाच मेलने द्या. हा मेल तक्रारीच्या सुरात नको. 'निर्णय प्रलंबित' एवढेच शब्द पुरे.

उरलेल्या १४२ नोंदींबद्दल थोडक्यात. ज्यांना तुमच्याबाहेरच्या कुणाचा निर्णय लागत नाही त्या आयटीच्या आतल्या यादीत टाका, हेड्सना दाखवू नका. निर्णय लागणाऱ्या दहा-बारा उरतील, त्यातल्या महिन्याला तीनच पुढे न्या. आणि मोठा इन्सिडंट झाला की आरसीए (मूळ कारणांचा अहवाल) लिहून तिकीट बंद करण्याआधी रजिस्टर उघडायची सवय लावा. ऑक्टोबरच्या बिघाडानंतर या सर्व्हरच्या नोंदीत एक अक्षर तरी बदललं होतं का, बघा.

जाता जाता एक तातडीचं. सिस्टिम बंद असताना ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल थेट सरकारी पोर्टलवरून काढता येतात. वेळ लागतो, पण गाडी निघते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातली ८५ लाख विंडोज यंत्रं बसली, तेव्हा आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देऊन विमानं सोडली गेली. तुमच्या गेटवर तसं करायचं तर डिस्पॅचच्या दोन माणसांना पोर्टलचं वेगळं लॉगिन आणि महिन्यातून एकदा सराव हवा. पोर्टलवर लॉगिनला ओटीपी लागतो. तो कुणाच्या मोबाइलवर येतो ते उद्या सकाळीच बघून घ्या. मुख्य लॉगिनचा ओटीपी फक्त सीएफओंच्या फोनवर येत असेल आणि ते त्या दिवशी विमानात असतील, तर तुमच्या रजिस्टरमध्ये १४४ वी नोंद करा. तिचा स्वीकारणारा कोण, हे वेगळं शोधावं लागणार नाही.